गुलाबाची पानं रवा भुरभुरल्यासारखी पांढुरकी, खाली जाळं – औषध मारूनही वाढतंय, काय करू? (पुणे, गच्चीवरची बाग)

वारज्याची गच्ची | ११ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आली. वारज्याला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर माझे २६ गुलाब आहेत, शिवाय जास्वंद, चार अडेनियम आणि एक कढीपत्ता. यातला एक गावठी गुलाबी गुलाब म्हणजे आईच्या साताऱ्याच्या अंगणातल्या झाडाची फांदी आणून जगवलेला. आई आता नाहीये, त्यामुळे त्या एका कुंडीत माझा जीव अडकलाय हे आधीच सांगते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पानांवर बारीक फिकट ठिपके दिसायला लागले, कोणीतरी वरून रवा भुरभुरवावा तसे. मला वाटलं ऊन लागतंय. मग एका नर्सरीत पान नेऊन दाखवलं, त्यांनी पान उलटंसुद्धा केलं नाही, कीड आहे म्हणाले आणि इमिडाक्लोप्रिडची बाटली दिली. आठ दिवसांच्या अंतराने दोनदा मारलं. आता अवस्था अशी की निम्म्या झाडांची पानं तांबूस झालीयेत, हात लावला की गळतात, कळ्यांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक जाळं आहे आणि आज सकाळी उन्हात नीट बघितलं तर त्या जाळ्यावर सुईच्या टोकाएवढे तांबडे ठिपके चालत होते. औषध मारूनही वाढलं कसं हेच कळत नाहीये. सगळी झाडं बुडापासून छाटून टाकू का?

कृषीवाला | ११ एप्रिल, रात्री ११:२०

ताई, कात्री खाली ठेवा आधी. जाळं आणि चालणारे ठिपके म्हटल्यावर शंकाच नाही, लाल कोळी आहे, शास्त्रीय नाव टेट्रॅनिकस अर्टिसी. फिकट हिरवट असतो तेव्हा अंगावर दोन काळे डाग दिसतात म्हणून दोन ठिपक्यांचा कोळी असंही म्हणतात.

वाढलं कसं याचं उत्तर कोळी या नावातच आहे. हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय, याला आठ, हा कोळी-विंचू-गोचिडांच्या गोतातला (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, भिंगाखाली बघून गोंधळू नका). इमिडाक्लोप्रिड हे मावा, तुडतुडे वगैरे रस शोषणाऱ्या कीटकांचं औषध. कोळ्याला त्याने फारसं काही होत नाही, पण कोळ्याला खाऊन जगणारे जे छोटे मित्रकीटक असतात ते मरतात, म्हणजे राखणदार गेला आणि चोर मोकळा. शिवाय इमिडाक्लोप्रिड दिलेल्या झाडांवर कोळ्याच्या माद्या जास्त अंडी घालतात असं काही प्रयोगांत दिसलंय. सायपरमेथ्रिनसारखी औषधं मारली तरी हाच अनुभव येतो. तुमचं काही चुकलं नाही, चुकीचं औषध हातात दिलं गेलं.

आता वेग समजून घ्या. ३० अंशांच्या आसपास तापमान असलं की अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि एक मादी आयुष्यात साधारण शंभर अंडी घालते. नर मिळाला नाही तरी ती अंडी घालतेच, त्या अंड्यांतून नर निघतात. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८-४० ला, हवा कोरडी ठणठणीत, गच्चीची फरशी तापलेली, म्हणजे कोळ्यासाठी सुगीच.

उद्या सकाळी एक करा. प्रत्येक कुंडीखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारा. धूळ पडेल. थोडं थांबा. धुळीतले काही कण चालायला लागले तर ते कोळी. बोटाने पुसलं की तांबूस किंवा हिरवट रेघ उमटते. कुठल्या कुंडीत किती आहेत ते लिहून ठेवा, सगळी झाडं सारखी आजारी नसतात.

पवनमावळ | १२ एप्रिल, सकाळी ६:१५

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. आमचं मावळात अर्ध्या एकराचं पॉलिहाऊस आहे, डच गुलाब, व्हॅलेंटाइनचा माल निघाला की फेब्रुवारी संपता संपता ऊन वाढतं आणि याचं आगमन ठरलेलं. पहिल्या दोन वर्षांत आम्ही याच्यापुढे हात टेकले होते, मग तळेगावच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरला कोर्स केला तेव्हा डोळे उघडले.

ताई मी तुम्हाला पहिलं औषध सांगणार नाही, पहिलं पाणी सांगणार. आम्ही त्याला शॉवर मारणं म्हणतो. पाइपला बारीक जोरदार फवारा येईल असं नोझल लावा, फांदी एका हातात धरा, पान उलटं करा आणि खालून धुवा. वरून धुतलं तर पान चकचकीत होतं आणि कोळी खाली जसाच्या तसा बसलेला असतो. दर दोन दिवसांनी, सकाळी लवकर, म्हणजे ऊन चढायच्या आत पानं सुकतात आणि काळा डाग, भुरी असले बुरशीचे रोग मागे लागत नाहीत. निम्मे कोळी याच्यातच जातात, जाळं मोडतं, धूळ जाते. धूळ ही यांची मोठी मैत्रीण आहे हे लक्षात ठेवा, रस्त्याकडेच्या झाडांवर कोळी जास्त असतो तो त्याच्यामुळेच.

दुसरं, खालची जुनी तांबूस पानं आधी काढा. काढून तिथेच टाकू नका आणि खताच्या ड्रममध्ये तर अजिबात नको, प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधून कचऱ्यात. पाण्याचा ताण देऊ नका आणि युरिया-बिरिया सध्या बंद, नायट्रोजनने जी लुसलुशीत पालवी येते ती त्यांना फार आवडते.

उंड्री_बाल्कनी | १२ एप्रिल, सकाळी ९:०३

पवनमावळ, सल्ला पटला पण आमच्याकडे एप्रिल-मे टँकरवर चालतो, दर दोन दिवसांनी पाइप सोडला तर सोसायटीवाले मलाच धुतील. माझ्याकडे फक्त १० कुंड्या आहेत. काही पर्याय?

पवनमावळ | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

लहान कुंड्या असतील तर बुडवण करा. बादलीत १०-१२ लिटर पाणी, कुंडीच्या मातीवर प्लास्टिकची पिशवी घालून बुंध्याशी सुतळीने घट्ट बांधा म्हणजे माती सांडणार नाही, मग कुंडी उलटी धरून झाडाचा शेंडा त्या पाण्यात बुडवून चांगला हलवा. सगळ्यात स्वच्छ झाड आधी आणि सगळ्यात आजारी शेवटी, नाहीतर एकाचे कोळी दुसऱ्याला. मोठ्या कुंडीला पाच लिटरचा हातपंप आणि अंगठ्याने पानाची खालची बाजू पुसत जायचं. वेळ लागतो, पाणी नाही.

अंगणातली मोगरावाली | १२ एप्रिल, दुपारी २:३०

धाग्यात घुसतेय, माफ करा. सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या अंगणात माझा ३० वर्षांचा मोगरा आहे. त्याच्या कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पांढरट लव आलीये, बनातीच्या कापडासारखी, पानं वेडीवाकडी झालीत आणि कळी फुलतच नाही. जाळं नाही, ठिपके नाहीत. भिंगातून बघितलं तरी काही चालताना दिसत नाही. हे बुरशीचं औषध मारून जाईल का?

कृषीवाला | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

आजी/काकू (नक्की काय म्हणू?), ही बुरशी नाही, हाही कोळीच पण वेगळ्या घराण्यातला, असेरिया जास्मिनी. जाई-मोगऱ्याच्या जातीवरच येतो. अंगाने लांबुडका, गाजरासारखा, पाय फक्त चार, आणि इतका बारीक की साध्या भिंगात दिसतच नाही, ती लव म्हणजे त्याच्या रस शोषण्यामुळे पानानेच काढलेले केस असतात आणि तो त्या केसांच्या आत लपून बसतो. त्यामुळे पाण्याचा मारा इथे फारसा चालत नाही.

लव आलेल्या फांद्या त्याच्या खाली चार-सहा बोटं निरोगी भाग धरून कापा आणि पिशवीत बांधून टाका. नंतर पाण्यात मिसळणारं गंधक, दुकानात वेटेबल सल्फर ८० टक्के मागा, लिटरला २ ग्रॅम. पण उन्हाळ्यात हे फार सांभाळून. पारा ३२-३३ च्या वर असेल तर गंधकाने पानं भाजतात, म्हणून संध्याकाळी ऊन गेल्यावर, आणि आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस बघा. आणि गंधक आणि कुठलंही तेल यात किमान दोन-तीन आठवड्यांचं अंतर हवंच, एकामागोमाग एक मारलं तर कोळ्याआधी झाड जाईल.

अंगणातली मोगरावाली | १२ एप्रिल, रात्री ८:०५

काकू चालेल. पण आत्ता छाटला तर यंदाचा बहर गेला ना रे? चैत्रात मोगऱ्याला कात्री लावायला हात धजत नाही.

कृषीवाला | १२ एप्रिल, रात्री ८:३०

लव आलेल्या फांद्यांना फूल येणारच नाहीये काकू, तेवढ्याच काढा, बाकीच्या राहू द्या. मोठी छाटणी थंडीत, डिसेंबर-जानेवारीत करा.

कोथरूड_नीमप्रेमी | १३ एप्रिल, सकाळी ११:१५

मी रासायनिक काहीच वापरत नाही, गच्चीवर मधमाश्या, शिंजीर येतात. कडुलिंबाचं तेल लिटरला ५ मिली, अधिक थोडा साबण. पण मागच्या मे महिन्यात दुपारी मारलं आणि क्रोटनची पानं काळी पडली, आणि एकदा भांडी घासायचं लिक्विड घातलं तर जास्वंदाची पानं भाजल्यासारखी झाली. तेव्हापासून बागेसाठीचा पोटॅशियमवाला साबण आणतो, आधी साबण थोड्या कोमट पाण्यात, मग त्यात तेल, पांढरं दुधासारखं झालं की मग बाकीचं पाणी. तेल वर तरंगत असेल तर मारायचंच नाही, तेच पान जाळतं. आणि सूर्य मावळल्यावरच.

एक शंका, एका ठिकाणी ताक-हिंग फवारणी वाचली, कोळ्यावर चालते का?

कृषीवाला | १३ एप्रिल, दुपारी १:००

ताक-हिंगाच्या भरवशावर आत्ताच्या परिस्थितीत राहू नका, आठ दिवस हातचे जातील. तेलाचं काम सोपं आहे, ते कोळ्याच्या अंगावर आणि अंड्यावर थर देऊन त्याला गुदमरवतं, म्हणजे जिथे थेंब पोचला तिथेच काम, जिथे नाही तिथे नाही. म्हणून पानाखालून. आणि एकदा मारून भागत नाही, राहिलेली अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीनदा तरी. बहुतेक लोक पहिल्या फवारणीनंतर झाड बरं दिसलं की थांबतात आणि दोन आठवड्यांनी परत इथे धागा काढतात.

वारज्याची गच्ची | २० एप्रिल, रात्री ९:५५

अपडेट. कागदाची परीक्षा केली, २६ पैकी ११ कुंड्या भरलेल्या, ६ मध्ये थोडे, ९ स्वच्छ. गंमत म्हणजे भरलेल्या ११ पैकी ९ कुंड्या पश्चिमेच्या पांढऱ्या भिंतीला चिकटून होत्या, दुपारभर ती भिंत तापते. त्या कुंड्या तिथून हलवल्या, हिरवी नेट बांधली. फोनला लावायचं मॅक्रो लेन्सचं क्लिप आणलं आणि पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, पानाच्या मागच्या शिरेला लागून काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी, त्यांच्या शेजारी पांढऱ्या रिकाम्या काती आणि त्यातून वाट काढत एक लालसर मादी. अर्धा तास बघत बसले.

दर दोन दिवसांनी धुतेय, दोनदा तेल मारलं. ९ झाडांना नवी पालवी स्वच्छ आहे. पण ५ झाडं ऐकत नाहीयेत आणि त्यात आईचा गुलाब आहे. त्याची जवळजवळ सगळी पानं गळाली. आता औषध विचारते.

पवनमावळ | २० एप्रिल, रात्री १०:३०

आता विचारा, हरकत नाही. कोळीनाशक असं स्पष्ट सांगून मागा, नुसतं कीटकनाशक म्हणालात तर परत तेच हातात येईल. गुलाबावर आमच्याकडे अबामेक्टिन, स्पायरोमेसिफेन, फेनाझाक्विन, हेक्सिथायाझॉक्स ही नावं चालतात. यातलं हेक्सिथायाझॉक्स अंडी आणि पिल्लांवर, मोठ्यांवर नाही. प्रमाण लेबलवर लिहिलंय तेवढंच, वाटीने अंदाजाने नाही, मिलीची सिरिंज घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकच औषध लागोपाठ मारायचं नाही. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने एका सीझनमध्ये एकच औषध सहा वेळा मारलं, सातव्यांदा कोळी त्याच्यात न्हाऊन निघाले आणि ढिम्म हलले नाहीत.

कृषीवाला | २० एप्रिल, रात्री ११:०५

अनुमोदन. या एका जातीने जगभरात ९० हून जास्त औषधघटकांना दाद न देणं शिकून घेतलंय, पिढी दहा दिवसांची असल्यावर शिकायला वेळ कितीसा लागतो. म्हणून औषधाचा गट (म्हणजे ते कोळ्याला कशा प्रकारे मारतं ते) बदलायचा, नुसतं बाटलीवरचं नाव बदलून उपयोग नाही.

ताई, अबामेक्टिन मधमाश्यांना आणि माशांना फार विषारी आहे, उमललेली फुलं आणि कळ्या आधी खुडून टाका, गच्चीवर कमळाचं टब असेल तर झाका, फवारणी संध्याकाळी. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. खालच्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत असतील तर आधी सांगून या. आणि कढीपत्ता त्या बाजूला असेल तर उचलून लांब ठेवा, खाण्याच्या झाडावर यातलं काहीही नको, त्याला फक्त पाणी.

नवी_पेठ_काका | २१ एप्रिल, सकाळी ८:२०

माझ्याकडे कपाटात डायकोफॉलची जुनी अर्धी बाटली आहे, पूर्वी कोळ्यावर हेच द्यायचे आणि रामबाण होतं. ताईंना देऊ का?

कृषीवाला | २१ एप्रिल, सकाळी ९:००

काका, नको, कृपा करून नको. ते डीडीटीच्या नात्यातलं रसायन, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदीच्या यादीत गेलं आणि २०२३ च्या आदेशाने भारतातही बंद झालं. मोरीत ओतू नका, झाकण घट्ट लावून वेगळ्या पिशवीत, नाव लिहून, घातक कचरा म्हणूनच द्या.

तुळस_वृंदावन | २१ एप्रिल, सकाळी १०:४५

माझ्या तुळशीची पानं आकसून काळपट झालीत, ठिपके पण आहेत. कोळीच का?

कृषीवाला | २१ एप्रिल, सकाळी ११:३०

पानाखाली काळे चिकट ठिपके आणि जाळीदार पंखांचे तीनेक मिलिमीटरचे चपटे किडे असतील तर तो तुळशीवरचा लेस बग, तो कीटक आहे. पानं हाताने काढा, पाण्याने धुवा, फार तर साधं नीम साबण. तुळशीचं पान आपण तोंडात टाकतो.

उंड्री_बाल्कनी | २ मे, संध्याकाळी ६:१०

बुडवण चारदा केली, १० पैकी ८ कुंड्या स्वच्छ. एकूण एका वेळी १२ लिटर पाणी आणि तेच नंतर अरेका पामच्या पानांना पुसायला वापरलं, म्हणजे आधी गाळून. पवनमावळ, मनापासून आभार. एक विचारायचं होतं, कोळी खाणारा शिकारी कोळी असतो म्हणतात, तो विकत मिळतो का?

कृषीवाला | २ मे, रात्री ९:२०

युरोपात ग्रीनहाऊसमध्ये सर्रास सोडतात. त्यातला प्रसिद्ध फायटोसियुलस परसिमिलिस हा १९५८ मध्ये चिलीहून ऑर्किडबरोबर चुकून जर्मनीत पोचला आणि लोकांच्या लक्षात आलं की हा लाल कोळ्यांवर ताव मारतोय. आपल्या हवेत निओसियुलस लाँजिस्पायनोसस नावाचा देशी शिकारी आहे, तो औषधं थांबवली की आपणहून येतो. फिकट, चकचकीत, नासपतीच्या आकाराचा आणि लाल कोळ्यापेक्षा कितीतरी जोरात पळणारा. भिंगाखाली काही तुरुतुरु पळताना दिसलं तर मारू नका. तसाच एक मोहरीपेक्षा लहान काळा कुळकुळीत ढालकिडा, स्टेथोरस, तो आणि त्याच्या अळ्या दोघंही कोळी खातात.

वारज्याची गच्ची | २४ मे, सकाळी ७:३५

धागा वर काढतेय. त्या पाच झाडांना एकदा अबामेक्टिन, सहा दिवसांनी हेक्सिथायाझॉक्स, मग काहीच नाही, फक्त धुणं. परवा वळवाचा पाऊस असा धो धो आला की गच्चीवर पाइप लावायची गरजच पडली नाही. काल कागद घेऊन फिरले, २६ पैकी २३ कुंड्यांखाली नुसती धूळ. दोन झाडं मात्र वाळली, ती जानेवारीत आणलेली नवीन होती आणि मी ती आल्याबरोबर थेट बाकीच्यांच्या रांगेत ठेवली होती, आता नवीन कुंडी आली की पंधरा दिवस जिन्याच्या कोपऱ्यात एकटी राहील.

आईच्या गुलाबाच्या काड्या उघड्या होत्या, रोज नखाने जरा खरवडून बघायचे, आत हिरवं दिसायचं म्हणून पाणी देत राहिले. आज तिसऱ्या पेरापाशी दोन तांबूस डोळे फुटलेत, तांदळाच्या दाण्याएवढे.

पवनमावळ | २४ मे, सकाळी ८:१०

फार बरं वाटलं वाचून. आता त्याला खताची घाई करू नका, पाच-सहा पानं येऊ द्या. पाऊस सुरू झाला की कोळी कमी होईल पण ऑक्टोबर हीटला परत डोकं वर काढेल, नवरात्राच्या आधी कागद घेऊन एक फेरी माराच.

अंगणातली मोगरावाली | २६ मे, दुपारी ४:००

माझ्याकडून पण. लव आलेल्या ११ फांद्या काढल्या, गंधक दोनदा, संध्याकाळीच. खालच्या फांद्यांना उशिरा का होईना कळ्या आल्या, काल ओंजळभर निघाली. वारज्याच्या ताई, तुमच्या आईच्या त्या गावठी गुलाबाची एक काडी मिळेल का, झाड सावरल्यावर? माझ्या माहेरीही तसाच होता, वाडा पडला तेव्हा गेला.

वारज्याची गच्ची | १९ जुलै, रात्री ९:१५

काकू, काडी तयार आहे. पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची, मागच्या महिन्यात कोकोपीटमध्ये लावली होती, मुळं फुटलीत आणि वर तीन पानं आहेत. तिन्ही पानं उलटी करून लेन्सखाली शिरेशिरेने बघितली, एकही मणी नाही. रविवारी सकाळी घेऊन येते, अंगणात सकाळचं ऊन येतं ती जागा मोकळी ठेवा.